दीड इंचाची ढील

लाकडाला भीती वाटत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर मित्रांनो, ते साफ खोटं आहे. मी एक जुनं कटिंगचं टेबल आहे. घर बदलायचं ठरलं, तेव्हा एक अख्खा महिना मी जीव मुठीत धरून काढला. टेबलाला मूठ नसते, पण जीव असतो.

मला बाईंच्या सासऱ्यांनी बनवलं. ते सुतार आणि सून शिवणकाम करणारी. त्यांनी नव्या सुनेला भिंतीपाशी उभं केलं, तिच्या कोपराखाली खूण केली आणि तेवढीच माझी उंची ठेवली, साडेचौतीस इंच. "पोरी, वाकून कापत राहिलीस तर पाठ कामातून जाईल," ते म्हणाले. माझ्यात एकही खिळा नाही. पाय खुंट्या ठोकून बसवलेले, त्यामुळे ते निघत नाहीत. याचा मला फार तोरा होता.

बावीस वर्षं माझ्या पाठीवर कापड पसरलं गेलं. पडदे, झगे, शाळेचे गणवेश. गिऱ्हाइकं माझ्यावर थाप मारून म्हणायची, "टेबल असावं तर असं!" बाईंच्या हाताला एकच सवय होती. फीत लावून माप घेतलं की दीड इंच वाढवूनच लिहायच्या. "माणूस जेवतो, श्वास घेतो. थोडी ढील नको?" त्यांच्या हातचा कपडा कधी कोणाला घट्ट झाला नाही.

मग एक दिवस घरमालकाने जागा परत मागितली. महिन्याची मुदत होती. त्या संध्याकाळी बाईंनी कापडावर खुणा करायचा चॉक घेतला आणि खर्चाची यादी सरळ माझ्या पाठीवर लिहिली. डिपॉझिट. दलाल. टेंपो. तिसऱ्या मजल्यापर्यंत हमाली. पंधरा दिवस दोन्ही घरांचं भाडं. गिऱ्हाइकांना नवा पत्ता. सगळ्यात शेवटी लिहिलं, 'टेबल', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ते प्रश्नचिन्ह माझ्या पाठीला टोचत राहिलं. दिवसभर कापडाखाली ते पुसट व्हायचं आणि मला वाटायचं, सुटलो. संध्याकाळी बाई पुन्हा तेच गिरवायच्या.

"अगं, घडीचं टेबल मिळतं आता," बाईंचे यजमान म्हणाले. ते बस चालवायचे. "हे धूड न्यायचं म्हणजे टेंपोची दुसरी खेप. आधीच खर्चाने कंबर मोडलीय."

"घडीच्या टेबलावर कात्री चालवून बघा एकदा. कात्रीच्या आधी टेबलच चालायला लागतं," बाई म्हणाल्या. "आणि साठ गणवेश कापायचेत. त्यांची आगाऊ रक्कम आपण डिपॉझिटला भरलीय. वेळेत दिले नाहीत तर ती परत कुठून करायची?"

यजमानांनी खर्चाची यादी पुन्हा वाचली. मला मात्र घाम फुटायचा बाकी राहिला. भिंतीपाशी जुनी खुर्ची होती, ती भंगारवाला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या फळ्या गेल्या. माझ्यासारखंच लाकूड होतं ते. आता पाळी माझी, असं म्हणत मी दाराकडे बघत राहायचो.

शेवटी बाई नव्या घराचं माप घेऊन आल्या. प्रश्नचिन्ह ओल्या फडक्याने पुसलं आणि लिहिलं, 'दार पस्तीस. जातंय!' मित्रांनो, त्या रात्री मी महिन्याभरात पहिल्यांदा निवांत उभा राहिलो.

सामान हलवायच्या दिवशी चार हमालांनी मला आडवं करून तीन जिने चढवलं. दारापाशी येऊन सगळे थांबले. आत शिरताच समोर भिंत, पाय तिरपे करून वळवायला जागा नाही. त्यांनी जोर लावला. माझे पाय चौकटीवर घासले आणि एक खुंटी करकरली.

"ताई, हे काही जात नाही," टेंपोवाला म्हणाला. "मला थांबवलंत तर तासाचे पैसे वेगळे. जिन्याखाली टाकू का? भंगारवाला नेईल."

माझ्या पायांखालची जमीन सरकली. तशीही त्या वेळी पायांखाली जमीन नव्हतीच.

यजमानांनी स्वतः फीत लावली. साडेतेहतीस. बाई पायरीवर मटकन बसल्या. "अहो, मी दाराला ढील धरली," त्या कशाबशा म्हणाल्या. "हाताची सवय हो. दाराला कशाला लागते ढील!"

कोणी हसलं नाही. बाईंनी मग यजमानांना त्यांच्या वडिलांची करवत पिशवीतून काढायला सांगितली. तिच्या दातांनीच मला आकार आला होता, तरी तिला बघून माझा थरकाप उडाला. बाईंनी चारही पायांवर चॉकने रेघ मारली. माप तीनदा तपासलं. जेवढी ढील दाराला धरली होती, तेवढेच माझे पाय कापले गेले.

मी आत गेलो. पण कात्री हातात घेताच बाईंना वाकावं लागलं, आणि मला सासऱ्यांचे शब्द आठवले. बाईंनाही आठवले असावेत. त्यांनी कापलेले चारही तुकडे शोधून आणले आणि ज्याच्या त्याच्या पायाखाली सरकवले. साठ गणवेश तसेच कापून झाले. प्रत्येक कापाला मला वाटायचं, आता तुकडा घसरणार.

मित्रांनो, घर बदलताना एवढं ऐका. पैशांत थोडी ढील ठेवा, दिवसांत ठेवा, पण दाराचं माप आहे तेवढंच लिहा. आणि ज्याच्या पाठीवर घर चाललं, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढताना हात थोडा हलका ठेवा.

परवा बाई माझ्याखाली वाकल्या आणि फळीच्या आतल्या बाजूला, जिथे कापड घासत नाही, तिथे पेन्सिलीने लिहिलं, 'या घराचं दार साडेतेहतीस. टेबल तेहतीस.' म्हणजे कधीतरी हेही घर सोडायचं आहे. तेच घोकत मी दिवसभर उभा होतो. मग संध्याकाळी उमगलं की जे टाकून जायचं असतं, त्याचं माप कोणी लिहून ठेवत नाही.