यतीनचा एकुलता कान

मित्रांनो, आधी नाके मुरडून घ्या, मग ऐका. मी एक जुनी कानकोरणी आहे. चांदीची, करंगळीएवढी, टोकाला मोहरी मावेल इतकीच वाटी. कराडच्या एका सोनाराने तुटक्या पैंजणातून मला घडवले. माझ्याबरोबर दातकोरणी आणि चिमटाही होता. ती दोघे कधीच हरवली, मी तेवढी टिकले.

घरात माझा मान मोठा होता. रविवारी न्हाणे झाले की सुलेखाबाई उन्हात पाय पसरून बसत, लेकाचे डोके मांडीवर घेत आणि कानाच्या कडेचा, डोळ्यांना दिसणारा मळ तेवढा माझ्याकडून काढून घेत. आत कधी शिरू देत नसत. लेक जरा चुळबुळला की हात थांबे. शेजारणी म्हणत, "काय हलका हात आहे!" कौतुक हाताचे असे, पण मान ताठ माझी होई.

तो लेक म्हणजे यतीन. लहानपणी त्याला गालफुगी झाली आणि त्या दुखण्यात त्याचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून तो फक्त उजव्या कानाने ऐकतो. सुलेखाबाईंनी मला त्याच्या कुठल्याच कानाजवळ पुन्हा नेले नाही. मी देव्हाऱ्याखालच्या खणात पडून राहिले. यतीन शिकायला अमेरिकेत निघाला तेव्हा आईची आठवण म्हणून त्याने मला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवले.

तिथल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात यतीन नागपूरच्या कुशबरोबर राहतो. कुश मनाने लाख माणूस, पण उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग अशातली गत. डावीकडून हाक मारली की यतीन ओ देत नसे, तेव्हा कुशला वाटे, हा भाव खातो. यतीनने खरे कधी सांगितले नाही. कुणी कीव करावी हे त्याला नको होते.

अंघोळ झाली की यतीन रोज कानात कापसाची काडी फिरवी. दाराजवळच्या खिळ्यावरून मी बघत असे आणि जळफळत असे. काडीला जरासा मळ लागे आणि बाकीचा आत ढकलला जाई. अहो, कानातला मळ आपला आपण बाहेर येतो! पण येऊ द्यायला हवा ना? बरणीत लोणचे दाबून भरावे तसा यतीन तो दाबत राहिला.

एका शनिवारी अंघोळीचे पाणी कानात गेले, मळ फुगला आणि उजवा कान बंद झाला. यतीनने कानाशी टाळ्या वाजवून पाहिल्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सोमवारी त्याची तोंडी परीक्षा होती. पण त्याला खरी भीती परीक्षेची नव्हती.

कुश ओरडून म्हणाला, "अरे वॅक्स असेल यार! मी क्लीन करून देतो. माझे आजोबा असंच करायचे." तेवढ्यात त्याला खिळ्यावर मी दिसले. "हे काय, टूल आहे की तुझ्याकडे!"

यतीन घुटमळला. कानातल्या मळासाठी डॉक्टरकडे जायचे म्हणजे त्याला लाजिरवाणे वाटत होते. शेवटी तो म्हणाला, "हळू कर. आणि आईला सांगू नकोस."

कुशने त्याला खिडकीशी बसवले. एका हातात फोनचा टॉर्च, दुसऱ्या हातात मी. त्याच्याच बोटांची सावली कानावर पडत होती. मी कडा ओलांडली आणि जिथे सुलेखाबाईंनी मला कधी नेले नव्हते तिथे शिरले. आत मिट्ट काळोख. मळ कुठला आणि कातडी कुठली, काही कळेना. पुढे कुठेतरी कानाचा पडदा होता, पतंगाच्या कागदासारखा पातळ. थांब, थांब, असे मला ओरडायचे होते. पण मला तोंड कुठे आहे?

"आता हलू नको हं," कुश म्हणाला.

यतीनला ते ऐकू गेले नाही. कुशचे ओठ हललेले तेवढे त्याला दिसले.

"काय?" म्हणत त्याने मान वळवली.

मी आत आपटले. यतीन किंचाळला. बाहेर आले तेव्हा माझ्या वाटीत रक्त होते.

"सॉरी, सॉरी यार! तू हललास कशाला?"

यतीन त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कुश, माझा दुसरा कान लहानपणीच गेलाय. मला हा एकच आहे."

 कुश यतीनचे जॅकेट घेऊन दाराकडे धावला.

बसमध्ये कुश धीर द्यायला बोलत सुटला. आपण डावीकडे बसलोय हे ध्यानात येताच तो उठून उजवीकडे आला. मग त्याला कळले, आज उजवीकडूनही काही पोचत नाही. त्याने यतीनचे मनगट घट्ट धरले. मी यतीनच्या घामेजल्या मुठीत होते. पडदा फाटला असेल का? मला सांगता येत नव्हते, कारण मला दिसलेच नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कानात उजेड टाकून बराच वेळ पाहिले. रक्त दिसल्यामुळे त्यांनी पाण्याची पिचकारी बाजूला ठेवली. मग एक बारीक कोरणी उचलली. ती माझ्याच जातीची होती, पण बाईंच्या डोळ्यांवर भिंग आणि दिवा होता. ती पाहून चालत होती, मी आंधळेपणाने गेले होते. मग एक नळी हळूहळू मळ ओढू लागली. एक काळपट गोळा बाहेर आला. बाई पुन्हा आत वाकल्या. 

कातडी खरचटली होती. पडदा शाबूत होता.

कोपऱ्यातून कुश स्वतःशीच पुटपुटला, "थँक गॉड."

"हळू बोल," यतीन म्हणाला. "ऐकू येतंय." आणि तो रडू लागला.

मित्रांनो, कानातला मळ हा कानाचा राखणदार आहे. तो बाहेर आला की ओल्या फडक्याने पुसा, त्याच्या मागे आत जाऊ नका. कानाला दडे बसले, कान दुखला तर घरच्यांना सांगा आणि डॉक्टरकडे जा. त्यात लाज कसली?

मी आता यतीनच्या टेबलाच्या खणात असते, काळी पडत चालले आहे. पहिल्यांदा फार वाईट वाटले. पण रोज रात्री फोनवर सुलेखाबाईंचा आवाज येतो, "यतीन, जेवलास का रे?" आणि तो पहिल्या हाकेला ओ देतो. ते ऐकताना मी मनात म्हणते, माझा धंदा बसला तेच बरे झाले. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिलाही खुशाल काळी पडू द्या.