पाचवं कारण

त्या रविवारी बाबा ओट्याशी दोन वाट्या घेऊन उभे होते आणि मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्या प्रकरणातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते. प्रकरणाचं नाव 'विकसनशील देशाच्या परकीय कर्जाची पाच कारणे'. ठाण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ते मराठी माध्यमाच्या मुलांसाठी पुस्तक लिहीत होते. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीला आले की ही पानं माझ्यापुढे यायची.

"बाबा, 'तुट' नाही, 'तूट'. दीर्घ. 'तुटीचा अर्थसंकल्प' लिहाल तेव्हा ऱ्हस्व."

"म्हणजे एकटी असली की दीर्घ, पुढे कोणी आलं की ऱ्हस्व? अर्थखात्याला कळवायला हवं. तूट कमी करायचा इतका स्वस्त उपाय त्यांना सुचला नसेल."

"आधी त्या वाट्या द्या इकडे," आई म्हणाली. "मला रवा मोजायचाय."

"एक मिनिट, मंदाकिनी. हेमांगी, इकडे बघ. पाचवं कारण लिहायचं राहिलंय, तुला सांगतो." एक मोठी आणि एक लहान वाटी माझ्यासमोर धरून ते बराच वेळ बोलले. मी तुटी शोधत होते. एकाच पानावर सात सापडल्या.

"कळलं का?"

"हो, कळलं."

मंगळवारी सकाळी पेपर वाचता वाचता बाबा खुर्चीतच गेले.

तेरावं झालं आणि सुदेशचा फोन आला. सुदेश त्यांचा जुना विद्यार्थी. ठाण्याला कोर्टामागे त्याचा छापखाना आहे, पुस्तक त्याच्याकडेच होतं.

"ताई, शीर्षकात पाच कारणं आणि आत चारच. निर्यातीपेक्षा आयात जास्त, सरकारची तूट, लोकांची बचत अपुरी आणि तेलाचे भाव. पाचच्या आकड्यापुढे सरांच्या अक्षरात नुसतं 'वाटी' लिहिलंय. पाचाचे चार करू का? शुक्रवारी मशिनवर घ्यायचंय."

"नको. मला सांगितलंय त्यांनी पाचवं."

"मग प्रश्नच मिटला. आम्हाला नाही तरी कुठे कळायचं? सर 'कळलं का' म्हणाले की सगळा वर्ग माना डोलवायचा."

फोन ठेवला आणि बाबांचं कपाट उघडलं. एका पुस्तकात पुढचं कारण होतं जुन्या कर्जावरचं व्याज, दुसऱ्यात शस्त्रखरेदी, तिसऱ्यात श्रीमंतांनी देशाबाहेर नेलेला पैसा. वाचताना प्रत्येक कारण पटत होतं. वाटी कुठेच नव्हती. दुपारपर्यंत मला एवढंही सांगता येईना, की देश कर्ज घेतो म्हणून गरीब राहतो, की गरीब असतो म्हणून कर्ज घेतो. लहानपणापासून मी पुस्तकांत वाढले. समोरची वाक्यं मराठी होती, व्याकरणशुद्ध होती आणि मला त्यांतून काहीच सापडत नव्हतं. शेवटी आईलाच विचारलं, बाबांची ही 'वाटी' म्हणजे काय.

"त्यात काय एवढं?" आई म्हणाली. "समज, मी शेजारच्या विमलाबाईंकडून पाच वाट्या रवा उसना आणला, त्यांच्या वाटीने. फेडायचाही त्यांच्याच वाटीने. मधल्या काळात त्यांची वाटी मोठी झाली. आपण दाणाही जास्त आणला नाही, तरी देणं वाढलं."

"म्हणजे डॉलर? कर्ज डॉलरमध्ये घ्यायचं, आणि रुपया घसरला की..."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी रव्याचं सांगितलं."

"पण वाटी मोठी करतं कोण? विमलाबाई? की त्यांची तेवढीच असते आणि आपलीच लहान होत जाते? आणि हे माहीत असून आपण त्यांच्या वाटीने घेतोच का?"

"मीही हेच विचारलं होतं त्यांना, त्या सोमवारी. तर म्हणाले, हेमांगीला सगळं समजावलंय, तिला कळलंय. ती सांगेल तुला."

आई माझ्याकडे बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी उठून रॅकमधून त्या दोन्ही वाट्या आणल्या आणि बाबांच्या खुर्चीसमोर टेबलावर ठेवल्या. लहान वाटीत शिगोशीग रवा घेतला आणि मोठीत ओतला. अर्ध्याच्या जरा वर येऊन थांबला. पुन्हा लहानीत घेऊन पुन्हा ओतला. तेवढाच.

"बाबा," मी म्हणाले. आवाज वर्गातल्या मुलीसारखा निघाला. "मला नव्हतं कळलं. मी उगाच हो म्हणाले. परत सांगा ना."