साडेपंधरा सेंटिमीटर

पंधरा वर्षं घासून वृंदा केळकरनं तपासनीसाची नोंदणी मिळवली होती, आणि ती राहणार की जाणार हे आता एका आकड्यावर येऊन ठेपलं होतं.

करनालजवळ एका कंपनीची तीन हजार एकर भातशेती होती. भातात पाणी सतत तुंबलं की चिखलातून हवा तापवणारा मिथेन वायू सुटतो. मधूनमधून शेत सुकू दिलं तर कमी सुटतो. म्हणून शेतात जागोजाग भोकं पाडलेल्या नळ्या पुरलेल्या. सुपरवायझर धर्मबीरनं नळीत डोकावून पाणी जमिनीखाली किती गेलं ते लिहायचं, वृंदानं ते तपासून सही करायची आणि मग कंपनीनं मिथेन कमी केल्याचं जगभर मिरवायचं. यंदा तिसरं वर्ष. आधीच्या दोन सह्या तिनं डोळे झाकून केल्या नव्हत्या बरं का! एकूण एक पान वाचलं होतं. नुसतं वाचलं होतं, एवढंच.

आज फरीदाबादच्या ऑफिसात ती वहीतल्या अठ्ठावीस जुलैच्या नोंदीपाशी अडखळली. त्या दिवशी करनालपासून दिल्लीपर्यंत पावसानं झोडपलं होतं. दिल्लीत द्वारकेला तिच्या सोसायटीचं पार्किंग पाण्याखाली गेलं होतं. आणि वहीत पाणी म्हणे साडेपंधरा सेंटिमीटर खाली!

मग तिला आठवलं. तो आकडा तिचाच होता. पहिल्या वर्षी धर्मबीरला नोंदी जमेनात, तेव्हा भल्या मनानं तिनं नमुन्याचं एक पान भरून दिलं होतं. नुसते पंधरा बनावट वाटतील म्हणून मुद्दाम अर्धा वाढवला होता. तिनं मागच्या वह्या काढल्या. त्या पठ्ठ्यानं तिन्ही वर्षं तेच पान तारखांसकट इमानेइतबारे उतरवलं होतं.

तिनं फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, आपने ही तो लिखके दिया था."

ती तडक साहेबांकडे, इंद्रजित मान्यांकडे गेली. "सर, यंदा मी सही करणार नाही."

सगळं ऐकून माने म्हणाले, "बिल्कुल नको करूस. पण मग मागच्या दोन सह्यांचं काय? नोंदणी जाईल तुझी. आणि पान तुझ्या अक्षरात आहे यार, हिनंच शिकवलं म्हणतील."

"म्हणू देत. मी चूक कबूल करते."

"कर ना. पण ते पान मी नमुना म्हणून दुसऱ्या अकरा शेतांवर पाठवलंय. इतकं छान भरलं होतंस! त्यातल्या सात शेतांच्या वह्यांवर सही तुझीच आहे."

वृंदानं खुर्ची ओढली. ती खुर्चीत बसली.

"चलो, एक काम कर," माने मायेनं म्हणाले. "नवं पान बनव. या वेळी पाऊस बघून."

स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. तिनं लॅपटॉपवर पावसाचा तक्ता उघडला आणि जुलैतला पहिला कोरडा दिवस शोधायला लागली.