एकच जोडी

मुकादम संतोषनं पिकअपमधून खाली न उतरताच सांगितलं, “एकच जोडी घेतो आता. एकटी बाई नको, एकटा गडीही नको.”

लंकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बहिरू नाक्यावरच्या भिंतीला टेकून उभा होता. गुडघा गेल्यापासून त्याला टेकल्याशिवाय उभं राहवत नसे.

सुरगाण्याच्या डोंगरातून ती दोघं वीस हिवाळे संतोषच्या मालकाच्या द्राक्षबागेत येत होती. बागेचा रिवाजच असा, की मजूर घ्यायचा तो नवराबायकोची जोडी. गेल्या साली बहिरूचा गुडघा गेला, तरी जुन्या मुकादमानं चालवून घेतलं. बहिरू ताडपत्रीच्या पालात बसून भाकरी थापी आणि लंकाबाई दोघांच्या वाटणीचे घडांतले जादा मणी कातरी.

पण बाग वर्षागणिक वाढत होती. चार एकरांची तीस एकर झाली, द्राक्षं बोटीनं परदेशी जाऊ लागली. तिकडच्या साहेबांनी मजुरांची पालं पाहून नाकं मुरडली. मग यंदा मालकानं पक्क्या खोल्या बांधल्या. नळ, पंखा, संडास, सगळं. खोलीत काम करणारी जोडीच राहील, बिनकामाचं माणूस दिसता कामा नये, असा नेम झाला. जुना मुकादम गेला, संतोष आला. तिकडं डोंगरात त्यांच्या पाड्यावरही डांबरी रस्ता पोचला. त्या रस्त्यानं काम काही वर आलं नाही, माणसंच तेवढी लवकर खाली उतरू लागली. कणगीतली नागली संक्रांतीपर्यंतही पुरणार नव्हती.

नाक्यावर उभं राहून त्यांना चार दिवस झाले होते. बहिरू दोन पावलं चालला की गाडी पुढं निघून जाई.

पलीकडं केरू उभा होता, त्यांच्याच पाड्यावरचा. त्याची बायको पावसाळ्यात वारली, म्हणून तोही कुणाला नको होता.

“केरूसंगं उभी रहा,” बहिरू हळूच म्हणाला.

“येड लागलं का तुमाला?”

“दोघांनी टेकून ही भिंत पाडायची हाय का? तू जा. मी जातो जीपनं घरी.”

केरू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. ती मला बहिणीसारखी, तिला बायको कुठल्या तोंडानं म्हणू, असं तो पुटपुटला.

“तू बोलूच नको,” बहिरू म्हणाला. “नुसता शेजारी उभा रहा.”

संतोषनं हॉर्न वाजवला. लंकाबाई केरूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हा तुझा नवरा का, असं संतोषनं विचारलं, तेव्हा तिनं मान डोलावली. मग त्यानं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं.

“आणि ते म्हातारं? तुमच्यातलं असेल तर आत्ताच सांगा. मागनं बागेत येऊन बसतात, अन् बोलणी मला खावी लागतात.”



“नाय,” लंकाबाई म्हणाली. “गावचं हाय. वाटंत भेटलं.”

बहिरूनं ते ऐकलं. भिंत सोडून, लंगडू नये म्हणून दात आवळत तो गाडीपाशी आला. त्यानं तिचं गाठोडं उचलून गाडीत चढलेल्या केरूच्या हातात दिलं.

“बरं, येतो वहिनी,” तो म्हणाला.

लंकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.