दुसरा फटका

“ए बाई, काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!”

मागच्या उंच काळ्या गाडीतून उतरलेला माणूस दार उघडंच टाकून ओरडत आला, तेव्हा सुगंधा राणे चार्जरपाशी वाकून उभी होती. अंधेरीला मरोळच्या त्या मोकळ्या जागेत दोन चार्जर होते. एकावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला होता. दुसऱ्याची गन, म्हणजे जाड वायरच्या टोकाचा प्लग, सुगंधाच्या गाडीला लागली होती, पण थेट नव्हे. मध्ये एक अडॅप्टर होता, विटेपेक्षा थोडा लांब, काळा, चार किलो वजनाचा.

“साहेब, पंचवीस मिनिटं फक्त,” सुगंधा म्हणाली. “आत्ताच सुरू झालंय.”

“पंचवीस मिनिटं? ह्या डब्याला? आणि मध्ये हे काय लटकवलंयस? तुझ्या गाडीचा चार्जर आहे का हा?”

सुगंधाला हा प्रश्न नवीन नव्हता. एका टॅक्सी कंपनीने वापरून काढून टाकलेली ही विजेची गाडी तिने चार वर्षांपूर्वी घेतली होती. गाडीचं चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं होतं. त्या तोंडाचे चार्जर मुंबईतून एकेक करून नाहीसे झाले आणि जे नवे आले त्यांची गन तिच्या गाडीत बसेना. मग हा अडॅप्टर आला. आधी तो गाडीत बसवायचा, मग त्यात गन, मग मोबाइलवरून सुरू करायचं. तीनतीनदा हिरवा दिवा लागून विझायचा, तीनतीनदा सगळं काढून पुन्हा लावायचं. मागे थांबलेल्या माणसांचा तोवर संयम सुटलेला असे. मुलुंडला एकाने तिच्या टायरवर लाथ मारली होती, बोरिवलीला एकजण काचेवर थुंकला होता. सुगंधा फडक्याने काच पुसायची आणि कामाला लागायची. तिने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता, स्वतःच्या मुलीवरसुद्धा नाही.

“साहेब, सकाळी घाटकोपरचा चार्जर बंद निघाला. पाच टक्के उरलेत. गाडीत पेशंट आहे, त्यांना पार्ल्याला सोडायचंय.”

मागच्या सीटवर इरावतीबाई भागवत डोळे मिटून बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पार्ल्याच्या शाळेतल्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आठवड्यातून तीनदा सुगंधा त्यांना डायलिसिसला आणायची आणि परत न्यायची. चार तास मशिनला लागून बाहेर पडल्या की त्यांच्यात बोलायचंही त्राण नसे. मे महिन्यातली दुपारची दीडची वेळ होती. त्यांच्या कपाळावर ओला रुमाल होता आणि डाव्या दंडाला, मशिनच्या सुया काढल्या तिथे, नुकतीच बांधलेली पट्टी.

“माझे दोन टक्के उरलेत!” तो माणूस म्हणाला. “दोन! तीन ठिकाणं फिरून आलोय मी. दोन बंद, एका ठिकाणी रांग. आणि इथे तू भंगार लावून बसलीयस. गव्हर्न्मेंटने बंद केली पाहिजेत ही नाटकं.”

त्याने चार्जरवरचं लाल बटण दाबलं.

ते बटण आग लागली, शॉक बसला तर दाबायचं असतं. चार्जरची घरघर एकदम थांबली. सुगंधा ‘अहो’ म्हणेपर्यंत त्याने दोन्ही हातांनी गन धरून हिसका दिला. लॉक सुटलेलं नव्हतं. गाडी हलली. त्याने गाडीला पाय लावून आणखी एक हिसका दिला आणि चार्जिंगच्या तोंडाभोवतीचं प्लास्टिक कडकन तुटलं. गनसकट अडॅप्टर बाहेर आला. त्याने तो गनमधून उपटला आणि सिमेंटवर आपटला.

सुगंधाने त्याचं मनगट धरलं. “काय केलंत हे? माझं पोट आहे ते!”

त्याने तिला ढकललं. ती बाजूच्या लोखंडी खांबावर आदळली. भुवईवर फुटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. तरी तिने खाली वाकून अडॅप्टर उचलला. एवढ्यात त्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तिला वर ओढलं.

“हात लावतेस मला? हात लावतेस?”

“सोडा तिला!” इरावतीबाईंनी दार उघडलं होतं. एक पाय बाहेर टाकून, दाराला धरून त्या उठायचा प्रयत्न करत होत्या. “सोडा म्हणते ना!”

“आत बस, म्हातारे!”

त्याने दारावर लाथ मारली. दार इरावतीबाईंच्या डाव्या दंडावर बसलं, बरोबर पट्टीवर. त्या किंचाळल्या नाहीत. नुसत्या हाताकडे बघत राहिल्या. पट्टी आधी एका ठिकाणी लाल झाली, मग सगळीच, मग रक्त कोपरावरून साडीवर धारेनं पडू लागलं.

सुगंधाच्या हातात अडॅप्टर होता. केस त्याच्या मुठीत असतानाच ती अर्धी वळली आणि तो फिरवला. त्याच्या गळ्यापाशी, खांद्याच्या हाडावर तो बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. केस सुटले. तो माणूस मागे सरकला, गुडघ्यात वाकला आणि स्वतःच्या गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. त्याने चांगला हात वर केला. पंजा उघडा.

“थांब,” तो म्हणाला. “थांब, थांब.”

सुगंधाने तो पंजा पाहिला. मग दोन्ही हातांनी अडॅप्टर वर नेऊन तिने त्याच्या तोंडावर मारला.

तो आडवा झाला. दोन दात आणि पुष्कळ रक्त सिमेंटवर पडलं. पलीकडे जेवत बसलेला वॉचमन शिट्टी फुंकत धावत आला आणि समोरचं बघून शिट्टी तोंडातच ठेवून उभा राहिला. सुगंधाने अडॅप्टर टाकला, गाडीकडे धावली आणि इरावतीबाईंचा दंड अंगठ्याने दाबून धरला. डायलिसिसच्या नर्सनी तिला हे शिकवून ठेवलं होतं. वॉचमनने रिक्षा आणली, हॉस्पिटल आलं, तरी तिने अंगठा उचलला नाही. बाईंचं रक्त थांबलं तेव्हा तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि दारात पोलीस उभे होते.

त्या माणसाचं नाव सुबोध सामंत. वय छत्तीस, पवईत एका कंपनीत नोकरीला. खांद्याचं हाड मोडलं होतं आणि जबडा दोन ठिकाणी. जबडा तारेने बांधल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्याने जबाब कागदावर लिहून दिला. आपण लाल बटण दाबलं हे त्याने लिहिलं. मग बाईने काहीतरी जड फेकून मारलं, पुढचं आठवत नाही, असंही लिहिलं.

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर साहेबांनी चार्जिंगच्या जागेतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. त्यात बटण दिसत होतं, हिसके दिसत होते, सुगंधा खांबावर आदळलेली दिसत होती. पुढचं सगळं सुबोधच्या उंच गाडीने झाकलं होतं. वॉचमनने फक्त शेवट पाहिला होता.

“हे बघ,” साहेब म्हणाले, “त्याने तुझे केस धरले. म्हातारीला जखमी केलं. तू घाबरून हातात होतं ते फिरवलंस. खांद्यावर बसलं, तिथून घसरून जबड्याला लागलं. होतं असं. एकदाच मारलंस ना?”

सुगंधाने पाणी मागितलं.

मीरा तांडेल नावाची हवालदार तिला पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेरच्या बाकावर घेऊन आली. “मावशी, ऐक माझं. तुझ्या बाईंनी हॉस्पिटलात जबाब दिलाय. एकच फटका पाहिला म्हणाल्या. शाळेतल्या टीचर आहेत, कोण खोटं म्हणणार त्यांना? तू पण एकच सांग, सही कर. साहेब सांभाळून लिहितील. स्वतःला वाचवायला मारलं म्हणजे वेगळं असतं गं.”

“बाईंनी असं सांगितलं?”

“शपथेवर.”

सुगंधाने पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरला.

तिचे वडील गुणाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर ते घरातच असत आणि आईला मारत. सुगंधा पाण्याच्या पिंपामागे बसून बघायची. आई भिंतीला टेकून खाली बसायची, पंजा वर करायची आणि म्हणायची, थांबा. आईने हात वर केल्यावरही वडील आणखी एकदा मारायचे. दर वेळी एकदाच. आधीच्या माराला काही ना काही कारण असे. भाजीत मीठ, दारात आलेला दुकानदार, काहीही. त्या शेवटच्या फटक्याला कारण नसे. सुगंधाने तो लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता.

ती उठून आत गेली.

“साहेब, दोन मारले.”

“काय?”

“पहिला मारला तेव्हा त्याने माझे केस धरले होते. दुसरा मारला तेव्हा तो खाली बसला होता. हात वर केला होता त्याने. थांब म्हणाला होता. तरी मारला.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “अगं, तुला कळतंय का तू काय बोलतेयस? कलम बदलतं यानं. आत जाशील.”

“हो.”

“तुझी बाई खोटं बोलली असं लिहू?”

“बाईंचा हात फाटला होता. त्या हाताकडे बघत होत्या. त्यांना नसेल दिसलं.”

मीरा दाराशी उभी होती. तिने एकदा सुगंधाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी जामिनाचे कागद घेऊन तिचा नवरा लवू आला. तो घाटकोपरला भटवाडीत लेथवर काम करायचा, फार बोलायचा नाही. पण त्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या घरच्या मालवणीत त्याचा आवाज चढला.

“दोन कित्याक सांगलंस गो? कोणी बघल्यान होता काय?”

“मी बघलंय ना.”

“तू बघलंस! आपला चेडू कॉलेजात आसा, गाडी तशीच मरान पडलीहा, आणि तू खरा बोलतंस! तेच्या लाथेचा काय? म्हातारी मेली असती म्हणजे?”

“तेचा पण लिहिलंय. दोघांवर केस आसा.”

घरी आल्यावर लवूने पाणी तापवलं आणि तिच्या केसांत सुकलेलं रक्त कपड्याने भिजवून काढत बसला. टाळूवर जिथून केस उपटले गेले होते तिथे हात लागला की ती दात आवळायची.

“मारताना भय नाय वाटला?” त्याने विचारलं.

“नाय,” ती म्हणाली.

खरं म्हणजे दुसरा फटका मारताना तिला बरं वाटलं होतं. फार दिवसांनी अंग मोकळं झाल्यासारखं. हे तिने त्याला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही.

अडॅप्टर पोलिसांनी मुद्देमाल म्हणून कापडात शिवून, लाख लावून कपाटात ठेवला. केस संपेपर्यंत तो मिळणार नव्हता, आणि गाडीचं तोंडही तुटलेलं. लवूने गाडी दोरीला बांधून भटवाडीत आणली आणि इमारतीच्या मागे उभी केली. टॅक्सी चालवायचा बॅज जप्त झाला. सुगंधा एका दवाखान्यात आयाच्या कामाला लागली.

इरावतीबाई दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या दंडावर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं होतं. मग एक दिवस त्यांनीच फोन केला.

“सदतीस वर्षं शिकवलं मी. एका मुलाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. तुझ्यासाठी आयुष्यात एकदा खोटं बोलले, तर तू मला तोंडघशी पाडलंस.”

“मी साहेबांना म्हटलं ना बाई, तुम्हाला दिसलं नसेल.”

“दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं.” बाईंनी आवाज उतरवला. “का सांगितलंस गं?”

“तुम्ही एकदा बोललात, बाई. मला ते रोज बोलावं लागलं असतं.”

इरावतीबाईंनी सुस्कारा टाकला. “सोमवारी डायलिसिस आहे,” त्या म्हणाल्या. “रिक्षानेच जायचं. आठला ये. उशीर करू नकोस.”

केस अंधेरीच्या कोर्टात उभी राहिली ती फेब्रुवारीत. सुगंधावर गंभीर दुखापतीचा आरोप, सुबोधवर दोघींना इजा केल्याचा. वकील म्हणाला, वर्षं जातील, नंतर शिक्षाही होईल, किती ते सांगता येत नाही. त्या दिवशी केसचा पुकारा होण्याआधीच दुपार झाली. जेवायची सुट्टी झाली आणि कॉरिडॉर रिकामा होत गेला. सुगंधा बाकावर बसून होती, मांडीवर डबा घेऊन. समोरच्या बाकावर सुबोध होता. मारामारीनंतर ती त्याला पहिल्यांदाच जवळून पाहत होती. तो वाळला होता. चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा आत गेलेली होती.

त्याने पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्यात बिस्किट बुडवून ठेवलं. ते पार विरघळेपर्यंत थांबला. मग चमच्याने थोडं थोडं तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत सारू लागला. तोंड बोटभरच उघडत होतं. चहा हनुवटीवरून शर्टावर ओघळला. त्याने वर पाहिलं, सुगंधाशी नजरानजर झाली आणि तो घाईघाईने बाकावर वळून, भिंतीकडे तोंड करून बसला. चमचा झाकणाला लागल्याचा बारीक आवाज येत राहिला.

सुगंधाने न उघडलेला डबा पिशवीत टाकला. ती उठली, चपलांचा आवाज होणार नाही अशी चालत कॉरिडॉरच्या टोकाला गेली आणि जिन्याच्या वळणावर, जिथून बाक दिसत नव्हता, तिथे पुकारा होईपर्यंत उभी राहिली.