आईला गाडी कुणी शिकवली?

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, आणि त्यातही गाडी शिकवणारी गाडी. रस्त्यात मला बघून तुम्ही नक्की हसला असाल. डोक्यावर पाटी, पाठीवर 'सावकाश, शिकत आहे' अशी ठसठशीत अक्षरं, आणि चाल अशी की सायकलवाल्यानेही मागे टाकावं. हसा हो, मला सवय आहे. पण आज जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही. ते सांगताना माझीच मान खाली जाते आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मास्तरीणबाईंनी मला घेतलं आणि गॅरेजात नेऊन माझ्यात क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी बसवून घेतली. एक जोडी शिकणारीच्या पायाशी, दुसरी शेजारी बसून शिकवणाऱ्या बाईंच्या. बाई फक्त बायकांनाच शिकवायच्या. नवऱ्याने 'तुला जमायचं नाही' म्हणून हिणवलेल्या, एखादा अपघात पाहून धसका घेतलेल्या, कितीतरी जणी माझ्या सीटवर येऊन बसल्या. एक नर्सबाई तर स्टिअरिंगला हात लावला की रडायलाच लागायच्या. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. "रडा, पण समोर बघून रडा," एवढंच म्हणायच्या. पुढे त्याच नर्सबाई आपली गाडी घेऊन हॉर्न वाजवत माझ्या शेजारून गेल्या, तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

बाईंना एकच मुलगी. सगळे तिला बबडी म्हणत. बबडी माझ्या मागच्या सीटवरच वाढली म्हणा ना. पुढे कुणीतरी कराकरा गिअर घालतंय आणि मागे ही बया शांतपणे गणितं सोडवतेय. डोकं तल्लख. वरच्या वर्गात गेली आणि तिच्या मनात अमेरिका भरली. तीही साधीसुधी नाही, तर शंभर मुलांनी अर्ज करावा आणि तिघाचौघांना दार उघडावं, अशा बड्या विद्यापीठांची. बाहेरच्या देशातल्या मुलांना तर ती वाट आणखीच अरुंद. बबडीने परीक्षेत भरभरून गुण मिळवले, शिक्षकांनी तोंड भरून शिफारस केली. गाडं अडलं ते निबंधापाशी. विद्यापीठाला एकच हवं होतं: तू कोण आहेस, ते तुझ्या शब्दांत सांग.

आता अठरा वर्षांच्या पोरीने काय सांगावं? तिने आईवर लिहिलं. ज्यांच्याकडे ती या अर्जांची तयारी करत होती त्या सरांना तिने तो निबंध पाठवला आणि बाई लायसन्सच्या ऑफिसात गेल्या असताना, माझ्या मागच्या सीटवरूनच, सरांना फोन लावला.

"छान लिहिलंयस गं," सर म्हणाले. "पण यात तू कुठे आहेस? त्यांना तुझ्या आईला प्रवेश द्यायचा नाहीये. ती शिकवत होती तेव्हा तू काय करत होतीस?"

"मी... मागे बसले होते."

सर खो खो हसले. "मग पुढे बस की! कागदावर पुढे बसायला काय लागतं?"

बबडीचा चेहरा उतरला. फोन ठेवून ती नखं कुरतडत बसली. मग तिने लॅपटॉप उघडला आणि जिथे जिथे 'आई' होती तिथे तिथे 'मी' लिहीत गेली. आता निबंधात एक घाबरट आई होती, उंबरठा ओलांडायला भिणारी. लेकीने तिला मोकळ्या मैदानात गाडी शिकवली, तिची भीती घालवली आणि मग तिच्यासारख्या कितीतरी बायकांना शिकवायचा वसाच घेतला. मित्रांनो, बबडीने तोवर माझ्या स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

अर्जाला जोडायला फोटो हवा म्हणून सर स्वतः आले. बबडीला त्यांनी शिकवणाऱ्याच्या सीटवर बसवलं आणि बाईंना स्टिअरिंगपाशी. "काकू, जरा घाबरल्यासारखं करा." बाईंना वाटलं, असेल काहीतरी शाळेतल्या नाटकाचं. त्यांनी डोळे मोठे केले, ओठ थरथरवले, पण भीती काही जमेना. शेवटी सगळेच हसत सुटले. बबडी तेवढी हसली नाही. बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि त्यांनी काही विचारलंही नाही. लेकीवर त्यांचा डोळे झाकून विश्वास होता.

त्या विद्यापीठात पूर्वी शिकलेली माणसं आपापल्या गावात नव्या मुलांच्या मुलाखती घेतात. बबडीच्या वाट्याला आल्या एक आर्किटेक्ट बाई. मुलाखत त्यांच्या ऑफिसात होती. मास्तरीणबाईंनी मला खाली रस्त्याकडेला उभं केलं आणि त्या काच पुसत थांबल्या. तासाभराने बबडी खाली आली, आणि तिच्यामागून चक्क त्या आर्किटेक्ट बाईही आल्या. निबंध वाचून त्या भारावून गेल्या होत्या आणि त्यांना मला बघायचं होतं. एरवी मी किती मिरवलं असतं!

"ही माझी आई," बबडी जेमतेम पुटपुटली.

"अय्या, म्हणजे हिची पहिली विद्यार्थिनी!" आर्किटेक्ट बाईंनी मास्तरीणबाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "केवढ्या घाबरायचात ना तुम्ही? हिनेच शिकवलं ना तुम्हाला?"

बाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं. बबडीची नजर माझ्या चाकावर खिळली होती. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण बाई हसल्या.

"हो तर," त्या म्हणाल्या. "हिनेच शिकवलं. मी कसली घाबरट! हात लटलट कापायचे माझे."

फोटोत जी भीती काही केल्या जमली नव्हती, ती आता त्यांना हुबेहूब जमली. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंच्या हाताखाली शेकडो जणी शिकल्या होत्या हो! आणि आज त्या भर रस्त्यात, माझ्यासमोर, स्वतःचं सगळं पुसून टाकत होत्या.

घरी जाताना सिग्नलला बाईंनी मला बंद पाडलं. असं कधीच झालं नव्हतं. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी त्यांनी चावी फिरवली नाही.

"बबडे, मी घाबरायचे का गं?"

"सर म्हणाले की..."

"सर गेले खड्ड्यात. मी तुला विचारतेय."

बबडी रडायला लागली. बाईंनी मला चालू केलं. पुढच्या चौकात त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. झालं ते झालं. त्या खूश झाल्या ना? मग आता तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी घाबरट तर घाबरट. माझं काय जातंय त्यात?"

गोष्ट इथेच मिटली असती. पण आठवड्याभरात आर्किटेक्ट बाईंचा फोन आला: माझी धाकटी बहीण गाडीला फार भिते, तिला बबडीकडे पाठवते, रविवारी सकाळी. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

शनिवारी संध्याकाळी बाई लेकीला घेऊन माझ्यापाशी आल्या. "हे बघ, तू माझ्या जागेवर बस. पायाशी ब्रेक आहे, त्यावर पाय ठेव, घाबरू नकोस. मी मागे बसते. मी हळूच सांगत जाईन, तेच तू मोठ्याने म्हण. तिला कळणारसुद्धा नाही." आणि खरंच, मास्तरीणबाई माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. बबडीची पुस्तकं बाजूला सारून, गुडघे दुमडून, अंग चोरून. इतक्या वर्षांत त्या मागे कधी बसल्या नव्हत्या. "हं, म्हण," त्या कुजबुजल्या. "आधी आरसा बघा, बाई."

बबडीने आरशात पाहिलं. आरशात आई होती.

तिने खिशातून फोन काढला आणि आर्किटेक्ट बाईंना लावला. "मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "आईला मी नाही शिकवलं. आईच सगळ्यांना शिकवते. मला तर गाडी येतच नाही."

"अगं, वेडी की काय तू! ठेव तो फोन!" बाई मागून फोन हिसकावायला झेपावल्या. बबडीने तो दुसऱ्या हातात धरला. पलीकडे आर्किटेक्ट बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला.

"हे मला विद्यापीठाला कळवावं लागेल. कळतंय ना तुला?"

"हो."

"आईंना दे जरा."

बबडीने फोन मागे केला. बाई दाराला चिकटून बसल्या, जोरजोराने मान हलवत. "म्हणावं, आई नाहीये इथे," त्या कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी पदराने तोंड झाकून घेतलं.

फोन ठेवल्यावर बबडी म्हणाली, "मला तुझ्या कामाची लाज नव्हती गं वाटत. माझ्याकडे माझं असं सांगायला काहीच नव्हतं, त्याची वाटत होती."

"आणि मी?" पदराआडून बाई म्हणाल्या. "मी तुझी आई. तुला थांबवायचं सोडून तुझ्या पुढे धावले."

त्या विद्यापीठाने अर्थातच नकार दिला. तोच निबंध जिथे जिथे गेला होता, तिथे तिथे बबडीने खरं काय ते कळवलं. कुठूनही होकार आला नाही. सरांनी फोन घेणं बंद केलं. शेजारपाजारचे विचारत, "काय गं, कधी निघणार अमेरिकेला?" आणि मायलेकी दोघी कानकोंड्या होऊन घरात शिरत. बबडी गावातल्याच कॉलेजात जाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात ती आपणहून माझ्या स्टिअरिंगपाशी येऊन बसली. आईने तिला शिकवलं, इतर बायकांना शिकवायच्या तशीच, न ओरडता. पोरीने माझे गिअर काय खरडले म्हणून सांगू! मी हूं की चूं केलं नाही.

लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी माझ्यात बसताना परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी सहज विचारलं, "कुणाकडे शिकलीस?"

"आईकडे," बबडी म्हणाली. "ती तिथे उभी आहे, ती."

साहेबांनी काचेतून पाहिलं. बाई कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी हात वर करायला हवा होता, हसायला हवं होतं. पण त्या खाली चपलांकडे बघत राहिल्या. लेक खरं बोलून मोकळी झाली होती. बाईंचं ते रस्त्यावरचं 'हो तर' मात्र त्यांच्यापाशीच राहिलं होतं.

आता मी फारशी चालत नाही. रंग उडाला, सीट फाटली, पाठीवरची अक्षरंही पुसट झाली. मला पुसा, मला तेलपाणी करा, असं मी तुमच्याकडे मुळीच मागणार नाही. तुम्हीही उद्या मोठमोठे अर्ज कराल, दूरदूर जाल, खुशाल जा. फक्त, मित्रांनो, ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांच्यावर तुमच्यासाठी खोटं बोलायची पाळी आणू नका. ते बोलतील हो. एका क्षणात बोलतील.