टाकीमागचा सिग्नल

केबिनवाल्याच्या मुलीचं पत्र ग्रंथपालांनी इतक्यांदा उघडून वाचलं होतं, की घड्यांवर ते विरायला आलं होतं. उत्तर मात्र त्यांनी एका ओळीचंही दिलं नव्हतं. फोनवर त्यांची बोबडी वळते हे ठाऊक असल्यामुळं बिचारीनं मुद्दाम पत्र धाडलं होतं. आणि मागितलं तरी काय होतं तिनं?

'काका, प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी दादाला घेऊन येतेय. तो फार लांब राहतो, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. बाबा चौकशीत खोटं बोलले असं तो अजूनही धरून बसलाय. मी त्याच्याशी वाद घालणार नाही. नुसतं वाकून बघ म्हणणार आहे. टाकी बाबांनी ठेवली होती तिथंच आहे ना, तेवढं कळवा.'

टाकी तिथं नव्हती. उत्तर अडलं होतं ते तिथंच.

"अहो, कळवलंत का त्या पोरीला?" बायको रोज विचारायची.

"कळवतो."

"काय कळवणार?"

"तेच ठरवतोय."

"ठरवा, ठरवा. तोवर तिचीही नजर अधू होईल, मग टाकी कुठं का असेना."

ग्रंथपाल गप्प बसायचे. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उभी हयात लोकांना 'हळू बोला' सांगण्यात गेली होती, आणि तेसुद्धा ते इतकं हळू सांगायचे की लोकांना दोनदा विचारावं लागायचं. निवृत्तीनंतर त्यांना छोट्या रेल्वेचा नाद लागला तो त्यामुळंच. तिथं बोलावं लागत नाही. हात चालले की झालं.

त्या नादाचं एक मंडळ होतं. एका बंद पडलेल्या गोदामात दर आठवड्याला जमायचं. वीतभर इंजिनं, बोटभर डबे आणि त्यांच्यासाठी जीव टाकणारी पांढऱ्या केसांची मंडळी. प्रत्येकानं आपापल्या घरी एका फळीवर आपलं स्टेशन उभारायचं. त्या फळीला सगळे 'तुकडा' म्हणत. तुकड्यांच्या कडा तेवढ्या सारख्या मापाच्या. प्रदर्शनात त्या एकमेकींना बोल्टनं आवळल्या, वायरी जोडल्या, की सगळ्यांच्या तुकड्यांवरून गाड्या गोल फिरायच्या. ग्रंथपालांच्या तुकड्यावर स्टेशनापेक्षा वाचनालय मोठं होतं, आणि गाडी थांबली तरी तिथं कुणी उतरेल अशी खात्री त्यांना स्वतःलाच नव्हती. पण तुकडा त्यांचा होता. मंडळाचा पहिला नियमच तो, तुकडा ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या फळीवरचं झुडूपसुद्धा विचारल्याशिवाय हलवायचं नाही.

केबिनवाल्याचा तुकडा सगळ्यांत साधा. एक वळण, एक सिग्नल, फलाट, केबिन आणि वळणाच्या आतल्या अंगाला चार खांबांवरची पाण्याची टाकी. पाहुण्यांना त्यात काही दिसायचं नाही. मग केबिनवाला त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "असं वरून नका बघू. वरून साहेब लोक बघतात. खाली वाका. डोळा रुळाला लावा. समजा तुम्ही इंजिनात आहात. आता सांगा, सिग्नल कुठाय?"

सिग्नल कुठंच नसायचा. मध्ये टाकी यायची. इंजिन अगदी पुढ्यात पोचलं की मग दिसायचा, लालभडक, आणि तोवर फार उशीर झालेला असायचा.

हे स्टेशन खरं होतं आणि केबिनवाला तिथल्या खऱ्या केबिनमध्ये सिग्नलच्या दांड्या ओढायला होता. त्यानं सिग्नल लाल ठेवला होता, तरी मालगाडी आत शिरली आणि उभ्या डब्यांवर आदळली. रुळावर काम करणारा एक माणूस गेला. सिग्नल तिच्याआड लपतो म्हणून केबिनवाल्यानं नव्या टाकीबद्दल आधीच दोनदा तोंडी सांगितलं होतं. अपघात झाला तशी ती टाकी घाईघाईनं उतरवली गेली, आणि मग चौकशीचे साहेब आले. वळणावर उभे राहिले. सिग्नल लांबून लख्ख दिसत होता. म्हणजे तो लाल नसणारच, केबिनवाल्यानं मागाहून लाल केला, असा निवाडा झाला. टाकी? कुठली टाकी? सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेली. पुढं तो कुणाच्या तरी कारखान्यावर राखणदारी करत राहिला. पण घरात मोठा मुलगा बापाशी बोलेनासा झाला, ते त्याला सर्वांत जास्त लागलं होतं.

तो गेल्यावर मुलीनं तुकडा मंडळात ठेवला. तिचं घर दोन खोल्यांचं. "तुमच्याकडं राहू दे काका," ती ग्रंथपालांना म्हणाली होती, आणि ग्रंथपालांनी मान हलवली होती.

मग डॉक्टरांनी फोटो काढले.

डॉक्टर म्हणजे दंतवैद्य, मंडळाचे अध्यक्ष. माणूस हुशार, बोलका, हाताचा हलका. छोट्या रेल्वेच्या मासिकाला त्यांना मंडळाचे फोटो द्यायचे होते. वळणावर त्यांनी आपलं नवंकोरं इंजिन उभं केलं, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि जिभेनं च् च् केलं. "इंजिन झाकलं जातंय हो या टाकीनं." एवढं म्हणून त्यांनी दाताच्या चिमट्यानं टाकी उचकटली, एखादी किडकी दाढ काढावी तशी. खांबांची चार भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवली, वर हिरवा भुसा चिकटवला, आणि टाकी फलाटामागं नेऊन लावली. ग्रंथपाल तिथंच उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. नंतर सांगू, सगळ्यांदेखत नको, असं त्यांनी मनाशी म्हटलं. नंतर फोटो छापून आला, बक्षीस मिळालं, आणि मग सांगायचं कसं?

आठ दिवसांच्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी ग्रंथपाल हिय्या करून डॉक्टरांपुढं जाऊन उभे राहिले. सभागृहात तुकडे जोडून झाले होते. गाड्या फिरायला लागल्या होत्या. लोक यायचे होते.

"डॉक्टर, ती टाकी... जागेवर लावायला हवी."

"कुठली टाकी?"

हे दोन शब्द ऐकले आणि ग्रंथपालांना केबिनवाला आठवला. चौकशीतसुद्धा हेच विचारलं होतं.

"केबिनवाल्याची. तुम्ही फलाटामागं नेली ती."

"हां हां, ती. अहो, किती मोकळं वाटतंय आता वळण. गाडी कशी पूर्ण दिसते."

"गाडी दिसावी म्हणून नाही ती. सिग्नल दिसू नये म्हणून आहे."

डॉक्टर हसले. वाईट नव्हतं ते हसू. पेशंटला 'काही दुखणार नाही' म्हणताना हसतात तसं. "ग्रंथपाल, लोक पोराबाळांना घेऊन येतात. वाकून कोण बघतं? आणि खरं सांगू का, मी त्या स्टेशनाचे जुने फोटो मिळवलेत. टाकी नाहीच आहे तिथं. बिचाऱ्यानं स्वतःच्या समाधानासाठी लावली असणार. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण मॉडेल अचूक हवं की नको?"

ग्रंथपाल डळमळले. हीच तर त्यांची जुनी खोड. समोरचा ठामपणे काही म्हणाला, की आपलंच चुकत असेल असं त्यांना वाटायचं. फोटो आहेत म्हणतोय. मित्र होता खरा, पण मित्र तरी... आणि मग त्यांना ती दुपार आठवली. केबिनवाल्याला अचूक मापं हवी होती म्हणून दोघं त्या बंद स्टेशनावर गेले होते. वळणाच्या आत, गुडघाभर गवतात, सिमेंटचे चार बुंधे होते, वरून तोडलेले, तुटक्या सळया गंजून बाहेर आलेल्या. टेपचं एक टोक केबिनवाल्याच्या हातात होतं. दुसरं त्यांच्या.

"तुमचे फोटो टाकी काढल्यानंतरचे आहेत," ते म्हणाले.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी मोजलेत तिचे खांब. या हातांनी."

"बरं बाबा, मोजले असतील," डॉक्टर घड्याळाकडं बघत म्हणाले. "प्रदर्शन संपलं की बघू. आता उद्घाटनाला माणसं येतील. अहो, कुणाला काय फरक पडतो?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाते कशी हे ग्रंथपालांना त्या वयात पहिल्यांदा कळलं. फरक कुणाला पडतो? एक माणूस मरेपर्यंत सांगत राहिला, सांगून भागेना तेव्हा त्यानं लाकूड आणि पुठ्ठा घेऊन बांधून दाखवलं, तर यांनी तीच टाकी पुन्हा उतरवली. का, तर आड येते. पहिल्या वेळेला निदान नोकऱ्या वाचवायच्या होत्या कुणाच्या. इथं नुसता फोटो.

ते वळले. हत्यारांच्या पेटीतून पाना काढला आणि केबिनवाल्याच्या तुकड्याखाली गुडघ्यांवर बसले. वरून गाडीची घरघर येत होती. इतका राग असूनही त्यांनी ती तुकड्यावरून पुढं जाऊ दिली. चालत्या गाडीखालचा बोल्ट सोडायचा नाही हे अंगात मुरलेलं होतं. गाडी गेली तसा त्यांनी पहिला बोल्ट फिरवला. मग वायरीची जोडणी खेचली. मागून येणारी प्रवासी गाडी शेजारच्या तुकड्यावर जागच्या जागी थबकली.

"करंट गेला," कुणीतरी ओरडलं. "कुणी हात लावला?"

"मी," टेबलाखालून आवाज आला.

डॉक्टर धावत आले. "अहो, काय चाललंय हे? पंधरा मिनिटांत लोक येतील. गोल तुटेल सगळा."

"तुटू दे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मंडळाची मालमत्ता आहे ती."

ग्रंथपाल बाहेर आले. गुडघ्यांवर धूळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आणि जो आवाज त्यांनी उभ्या जन्मात वापरला नव्हता तो त्यांच्या गळ्यातून निघाला. "मंडळाची नाही. त्याच्या मुलीची आहे. तुकडा ज्याचा त्याचा, हा नियम तुम्हीच वाचून दाखवता दर वर्षी. तुम्हाला इंजिन दिसलं पाहिजे. त्या माणसाचं आयुष्य गेलं ते तुम्हाला आड येतं. तुम्ही आणि ते चौकशीवाले साहेब, एका माळेचे मणी. लाज वाटली पाहिजे. आणि मलाही वाटली पाहिजे, मी बघत उभा होतो."

बोगदेवाले, पूलवाले, झाडं करणारे, सगळे आपापल्या तुकड्यामागं उभे. कुणी पुढं आलं नाही. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी बसून चहा प्यायला, त्यातला एकजण रुळाची धूळ पुसायला लागला. ग्रंथपालांना त्याचाही राग आला. काल ते स्वतः तेच करत होते, म्हणून तर जास्तच.

"हा तुकडा दाराबाहेर गेला, तर तुम्हीही गेलात असं समजा," डॉक्टर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"समजलो."

तुकडा एकट्याला उचलेना. ते दोनदा खाली वाकले, दोनदा कण्हले. तेव्हा मंडळातला वेल्डर पुढं झाला. त्यानं बिडी कानावर खोचली आणि दुसरी बाजू धरली.

"काका, कंबर सांभाळा. नाहीतर तुमच्यासाठी वेगळी चौकशी बसवावी लागेल."

"तुलाही काढतील."

"काढू दे. तो लोखंडी पूल तर माझा आहे. बघू, तो उचलायला कोण येतो."

वेल्डरच्या टेम्पोतून तुकडा घरी आला. बायकोनं दारातून बघितलं, एक शब्द न बोलता जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली आणि मग म्हणाली, "आता आपण जेवायचं कुठं?"

"मांडीवर."

"आवाज का असा बसलाय तुमचा?"

"ओरडलो."

"तुम्ही?" ती खुर्चीवर बसलीच. "कुणावर?"

त्यांनी सांगितलं. सांगताना पुन्हा चढले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "चहा ठेवते. ती टाकी लावा आधी."

त्यांनी पातळ सुरीनं हिरवा भुसा खरवडला. लांबी टणक झाली होती. ती सुईनं कोरून काढावी लागली, पण चारही भोकं खाली शाबूत होती. फलाटामागून टाकी सोडवताना तिचा एक खांब मोडला. डॉक्टरांच्या नावानं एक शिवी हासडून त्यांनी तो चिकटवला. सुकेपर्यंत बोटानं दाबून धरला. मग खाली वाकले, गाल टेबलाला टेकवला, डोळा रुळाला लावला. वळण आलं. टाकी आली. सिग्नल दिसेना.

"बघू," म्हणून बायकोही शेजारी वाकली. बराच वेळ बघत राहिली. "अहो, कुठाय तो सिग्नल?" तिनं विचारलं. त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

मग ते कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर क्षमेचंच पान भरलं, तो फाडला. दुसऱ्यावर डॉक्टरांबद्दल लिहिलं, तोही फाडला.

"ग्रंथ लिहू नका," बायको आतून म्हणाली. "तिनं एवढंसंच विचारलंय."

तिसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं:

'टाकी हलवली होती. मंडळानं. मी समोर होतो आणि बोललो नाही, म्हणून तुला उत्तर देता येईना. आता ती जागेवर आहे. तुकडा माझ्या घरी आहे. प्रदर्शनाला जाऊ नकोस, तिथं काही नाही. दादाला इकडं आण. त्याला वाकून बघू दे. त्यानंतरही त्याला शंका आली, तर ते चार बुंधे मी तुझ्या बाबांबरोबर स्वतः मोजलेत, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन. मोठ्यानं सांगेन.'

पाकीट चिकटवून त्यांनी चपला घातल्या. "मी टाकते, बाजारात जायचंच आहे मला," बायको म्हणाली.

"नको. मीच टाकतो."

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं, ग्रंथपालांनी हात केला नाही. मनातल्या मनात डॉक्टरांना अजून बरंच सुनवायचं राहिलं होतं, आणि ते पुटपुटत चालले होते. टपालपेटीशी आल्यावर त्यांनी पत्ता पुन्हा एकदा तपासला आणि पाकीट आत सोडलं.